अप्पांचा कौल

फोंडाघाट

प्रिय यज्ञेशदादा,

फोनवर बोलले की अप्पा आतून कान देतात, म्हणून लिहिते आहे. त्यांच्या पायांवरची सूज वाढली आहे. चार शब्द बोलले की धाप लागते. हृदयाची झडप बदलायला आता उशीर करू नका, असं कोल्हापूरच्या डॉक्टरांनी बजावलंय. अप्पा होही म्हणत नाहीत, नाहीही म्हणत नाहीत.

सोमवारी आईने देवळात मूर्तीला फुलाच्या ओल्या पाकळ्या चिकटवून कौल लावून घेतला. उजवी पाकळी पडली तर ऑपरेशन, डावी पडली तर नको. गुरव दत्ताराम गाऱ्हाणं घालून थांबला, आम्ही सगळे मूर्तीकडे डोळे लावून. पण पाकळ्या चिकटल्या त्या चिकटल्याच, एकही पडली नाही. घरी येताना अप्पा हसले, “देवाक ठरवूक जमना नाय, मग माका कित्याक इचारतास?” आईला रडू फुटलं.

नंतर ओटीवर माझ्या भौतिकशास्त्राच्या अभ्यासाचा विषय काढून मला म्हणाले, “तुझो अणू काय म्हणता गो?” याच ओटीवर त्यांनी मला पाढे शिकवले, त्यामुळे त्यांना काही सांगताना अजून चुकायची भीती वाटते. मी म्हटलं, अणूला दोनच पायऱ्या आहेत असं धरा. वरच्या पायरीवरून तो खाली कधी येईल हे त्याच्या एकट्यावर नसतं, भोवती काय आहे त्यावरही असतं. आरशांमध्ये एका जागी ठेवला तर लवकर उतरतो, दुसऱ्या जागी वरच अडकतो. आणि घडीघडी तपासत राहिलं तर जागचा हलत नाही. कधी उलट घाईही होते. तेही सांगितलं, अर्धवट सांगणं बरं नाही. अप्पा म्हणाले, “म्हणजे तेच्या घरात पण आमच्यासारखीच माणसा आसत.”

माणूस म्हणजे अणू नव्हे, हे मला कळतं. तरी तेव्हापासून मी घर ऐकते आहे. आई चहा देताना विचारते, शेजारच्या राधाबाई दारातून विचारतात, मी गोळ्या देताना विचारते. संध्याकाळी तुझा फोन, “अप्पा, ठरलं का?” दर वेळी ते “बघूया” म्हणतात आणि भिंतीकडे कूस वळवतात.

दादा, फोन करू नकोस, ये. आल्यावर ऑपरेशनचं नाव काढू नकोस. आईला मी समजावलंय. मीही आता तोंड मिटून आहे, नीट जमतंय असं नाही. नुसता त्यांच्याजवळ बस. गप्प राहण्यात त्यांचे दिवस जातील, या भीतीने मला झोप लागत नाही. पण एकदा तरी कुणी न विचारता त्यांना विचार करू दे. मग ते नको म्हणाले, तरी मी ऐकेन.

तुझीच,
ऋता