हिरवळीखालची विहीर

वसई,
गुरुवार, ९ जानेवारी २०२५

चि. जागृती,

तुझ्या आजोबाचे आशीर्वाद. मी आणि आजी ठीक आहोत. माझा खोकला तसाच. दिल्लीत थंडी फार म्हणतात. शिबिरात गरम पाणी मिळतं का? दूध घेतेस का? फोनवर विचारलं असतं, पण आजी कान लावून असते, आणि पुढचं तिच्यासमोर बोलता येणार नाही.

"हात गेला माझा. खेळ सोडते, घरी येते," असं तू परवा म्हणालीस. तेव्हापासून मला अन्न जात नाही. निवड चाचणीला बारा दिवस राहिलेत. आधी हे वाच, मग काय ते ठरव.

मलेशियातला तुझा उपांत्य सामना मी मोबाइलवर पुन्हा पुन्हा पाहिला. लॉन बोल्सचा चेंडू एका बाजूने जड असतो आणि त्याच बाजूला वळतो, हे तूच मला शिकवलंस. तुझा शेवटचा चेंडू पांढऱ्या जॅककडे, त्या नेमाच्या छोट्या चेंडूकडे, नीट चालला होता. वीतभर आधी तो उलट्या बाजूला वळला आणि सामना गेला. आजी म्हणाली, "वारा आसंल." पण ते वळण माझ्या ओळखीचं आहे.

आपल्या शेतातल्या हिरवळीवर तू शिकत होतीस, तेव्हाही चेंडू असेच मधेच फिरायचे आणि एकाच जागी जाऊन थांबायचे. तू विचारलंस, तेव्हा मी म्हणालो, जमिनीला उतार आहे. उतार नाही. गवंड्याची पाण्याची नळी लावून मी किती वेळा पाहिलंय.

चेंडू थांबायचे तिथे विहीर होती. नऊ वर्षांपूर्वी तुला सरावाला जागा हवी म्हणून बुजवली. बुजवताना आत उभा पाइप सोडतात, विहिरीला श्वास घेता यावा म्हणून. विहीर बुजवायला आलेल्या धर्माने तो सोडला होता. तुझे चेंडू त्यावर आपटायला लागले, म्हणून तू शाळेत असताना मी तो कापला, तोंडावर सिमेंट थापलं आणि गवत लावलं.

धर्मा ओरडला, "काका, बाव कोंडू नको! पानी हाय तिच्यात अजून."

मी हसलो. म्हटलं, "तू चेंडू टाकून दाखव, मग मला शिकव."

पण ती विहीर मलेशियापर्यंत कशी पोचली, ते मला कळत नाही.

काल दुपारी आजी देवळात गेली, तेव्हा पहारीने जागा फोडली. पाइपाचं तोंड मोकळं केलं. वाटलं, कोंडलेला वारा बाहेर येईल. तळवा धरला, तर तो आत ओढला गेला. अजून ओढतो. आज सकाळी धर्माला बोलावलं. त्याने विडीचा धूर सोडला, तो सरळ आत गेला. विडी टाकून तो उठला. "पोरीला हिकडं आनू नको, काका," एवढंच बोलला.

म्हणून येऊ नकोस. आणि खेळ सोडू नकोस. तुझा हात चांगला आहे, चूक माझी आहे.

पत्र मिळाल्यावर तिथल्या मैदानावर एकच चेंडू टाक. नीट वळला तर आजीला फोन कर, मला समजेल. उलटा वळला तर तसाच राहू दे. तो कुठे जाऊन थांबतो, ते बघायला जाऊ नकोस.

नऊ वर्षं तुझ्याशी खोटं बोललेला,
आजोबा हरेश्वर