पोर्चमधल्या दिव्यावरचं घरटं

प्रिय केतू,

पाकिटावर माझं अक्षर पाहून तुझ्या छातीत धस्स झालं असेल, म्हणून आधी सांगून टाकतो. मी खुर्चीत बसून माझ्या हातानेच हे लिहितोय, आज ताप नाही, आणि तुझी आई मागच्या अंगणात आहे. मोतीबाई भांडी घासून जाताना हे पोस्टात टाकणार आहे. मोबाईलवर लिहिता आलं असतं, पण घरात चालू फोन एकच आणि तो आईजवळ असतो; तुझं उत्तर आलं तर आधी तीच वाचेल. माझ्या तोंडून आता शब्द निघत नाही, हे तर तू ऑपरेशनच्या वेळी पाहूनच गेलीस. सारी नोकरी दिग्रसच्या बसस्टँडवर माइकसमोर पुसद, उमरखेड, यवतमाळ करत गेली, आणि आता पाणी मागायचं तर पाटीवर लिहावं लागतं. पाटीवर जेवढं मावतं तेवढंच बोलणं. आज कागद मिळालाय, तर जरा सविस्तर लिहितो. मधे भरकटलो तर सांभाळून घे.

तुला आपल्या घरचे उन्हाळे आठवतात ना? होळी झाली की गल्लीतले सगळे कूलर पुसून, वाळ्याच्या नव्या ताट्या लावून मोकळे व्हायचे, आणि आपल्या कूलरमध्ये पारव्यांची जोडी येऊन बसलेली असायची. आई मागची ताटी जराशी सरकवायची, आत डोकवायची आणि हळूच बंद करून म्हणायची, "अंडे हायेत. राहू द्या." तू बारावीला होतीस त्या वर्षी तर तू रडलीस. डोक्यावर ओला टॉवेल घेऊन म्हणालीस, या घरात माझ्यापेक्षा पारव्याला किंमत जास्त आहे. आईने तुझ्या टेबलाखाली पाण्याचं घमेलं आणून ठेवलं. त्यात पाय बुडवून तू अभ्यास केलास, पण कूलर काही लागला नाही. मीटरच्या पेटीत चिमण्या असायच्या. रीडिंगवाला आला की आई स्वतः झाकण धरून उभी राहायची आणि त्याला बजावायची, भाऊ, नुसतं पाहा, आत बोट घालू नका. बाथरूमच्या झरोक्यात साळुंक्या. एका वर्षी तर माझ्या स्कूटरच्या डिक्कीचं झाकण तुटलेलं होतं, त्यात दयाळ पक्ष्याने काड्या भरल्या, आणि मी भर उन्हात पायी ड्यूटीला जायला लागलो. डेपोतले ड्रायव्हर-कंडक्टर मला पाहून हसायचे. मी चिडून तिला म्हणालो होतो, सुचित्रा, हे घर आहे का झाड? तर म्हणाली, "ते कोणाच्या भरोशावर येऊन बसले? आपल्याच ना?"

यंदा मात्र कोणाचं लक्षच नव्हतं. ऑपरेशन झालं, मग किरणांचा शेक, मग सलाईनमधून औषधं. आमचं अर्धं बिऱ्हाड नागपुरात आणि अर्धं इथे. एका फेरीहून परतलो तर पोर्चमधला दिवा ज्या वायरीला लोंबतो, तिच्या गाठीवर बुलबुलांनी घरटं केलेलं. वाटीएवढं. कूलरमध्ये पारवे होतेच. आईने पोर्चच्या बटणावर कागद चिकटवून टाकला, म्हणजे चुकून कोणी दिवा लावायला नको, आणि अंधार पडला की ती टॉर्च घेऊन फाटकाला कडी लावायला जायची. माझी खुर्ची तिने समोरच्या खिडकीत आणून ठेवली. नळीतून पातळ पोटात जायचं, तोंडाला चव अशी कसलीच नाही, घसा सोललेला. अशात सकाळी ते दोघं चोचीत किडा धरून यायचे आणि घरट्यातून तीन माना एकदम वर यायच्या, तेवढं पाहायला मला बरं वाटायचं. आई भाजी निवडता निवडता माझ्याकडे पाहायची. एकदा म्हणाली, "किती दिवसानं हसले तुमी." माझा अर्धा जबडा नाही, हसू कसलं दिसत असेल, पण तिला दिसलं.

मग मला खोकला सुरू झाला. ताप यायला लागला. पुन्हा नागपूर. डॉक्टरांनी फोटो काढला, छातीत काहीतरी दिसतंय म्हणाले, आणि विचारलं, घराजवळ कबुतरं वगैरे आहेत का? आई लगेच म्हणाली, आहेत ना, कूलरमध्येच आहेत. त्यांनी नीट समजावून सांगितलं. औषधांनी रक्तातल्या पांढऱ्या पेशी कमी झाल्यात, अशा वेळी पाखरांची विष्ठा वाळून तिची धूळ श्वासात गेली की फुप्फुसात बुरशी होऊ शकते. होईलच असं नाही. पण तपासण्यांचे रिपोर्ट येईपर्यंत घर, अंगण सगळं साफ करून घ्या, एकही घरटं ठेवू नका. ते काही चुकीचं बोलले नाहीत, केतू. माणूस चांगला आहे. पण त्याच वेळी मी तुझ्या आईचा चेहरा पाहिला. जणू तिला कोणीतरी सांगितलं होतं, की इतकी वर्षं तू ज्यांना जपलंस, तेच तुझ्या नवऱ्याला मारतायत.

घरी आल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी तिने पूजा केली, पदर नाकातोंडावर आवळून बांधला, धुळीने घाण होतो म्हणून चष्मा काढून ठेवला, आणि जाळी काढायची लांब काठी घेतली. मीटरची पेटी रिकामी निघाली. झरोक्यातली साळुंक्यांची पिल्लं उडून गेलेली होती. तोवर मीही मनात म्हटलं, सुटलो. कूलरमध्ये दोन अंडी होती. ती तिने काड्यांसकट एका खोक्यात ठेवून गच्चीवर नेली. पारवी गच्चीकडे फिरकलीसुद्धा नाही, उघड्या खिडकीच्या कठड्यावर बसून राहिली. मग आई स्टूल घेऊन पोर्चमध्ये आली. मोतीबाई दारातच होती. ती म्हणाली, "बाई, पिल्लं हायेत त्यात. कायले हात लावता? चार दिवसांनं उडून जातीन." आई म्हणाली, "चार दिवस नाही माझ्यापाशी."

मी खिडकीत होतो. मी म्हणालो, राहू दे. म्हणजे मला तसं म्हणायचं होतं; बाहेर जे पडलं ते तुला ठाऊक आहे कसं असतं. मी पुन्हा म्हणालो. हात हलवला. ती स्टुलावरून उतरली, धावत आत आली, आणि तिने नळीत पाणी सोडलं. तिला वाटलं मला तहान लागली. मी पाटी ओढून मोठ्या अक्षरात लिहिलं, राहू दे. तिने पाटी हातात घेतली, डोळे बारीक करून पाहिली. चष्म्याशिवाय तिला दिसेना, आणि डोळ्यांत पाणीही होतं. तिने हाताने पाटी पुसली, माझ्या मांडीवर ठेवली आणि "आलेच मी" म्हणून बाहेर गेली. ज्या बाईने लग्नानंतर एवढ्या वर्षांत माझं न बोललेलं ऐकलं, तिला त्या एका सकाळी माझं काहीच कळलं नाही. यात तिचा दोष नव्हता, ती घाबरलेली होती.

तिने घरटं फेकलं नाही, हे मी तुला शपथेवर सांगतो. सुतळी सोडवावी तसं हळूहळू सोडवलं, टोपलीत ठेवलं आणि मागच्या सीताफळाच्या फांदीला नेऊन बांधलं. वर सावलीला ओलं फडकं टाकलं. पण त्या दोघांना काय माहीत? ते चोचीत नाकतोडा धरून पोर्चमध्येच फिरत होते. वायरीवर बसायचे, इकडे तिकडे पाहायचे, ओरडायचे, उडायचे, परत तिथेच यायचे. घराच्या मागे पिल्लं ओरडत होती आणि पुढे आईबाप. मधे आपलं घर. आई दुपारभर मागेपुढे करत होती. "इकडं या रे, इकडं हायेत," असं त्यांना हाका मारून सांगत होती. भल्लं ऊन होतं. तिने कापसाने पिल्लांच्या चोचीत पाणी सोडून पाहिलं, भाताचं शीत भरवून पाहिलं. ऊन उतरता उतरता मागचा आवाज बंद झाला. टोपलीला मुंग्या लागल्या होत्या. मोगऱ्याच्या आळ्यात तिने तिन्ही पिल्लं पुरली, हात धुतले, आणि माझ्या औषधांची वेळ झाली म्हणून गोळ्या कुटायला बसली. कूलरवाल्या नागोरावला बोलावून कूलर धुऊन घेतला, नव्या ताट्या लावल्या. त्या दिवसापासून आपल्या घरात गार वारा आहे.

आता तुला फोनवर जे सांगितलं गेलं नाही ते सांगतो. आईने तुला सांगितलं की छातीत इन्फेक्शन होतं, गोळ्यांनी उतरतंय. ते खरं नाही. बुरशी नव्हती, केतू. रिपोर्टमध्ये पाखरांचं काहीच निघालं नाही. जे तोंडात होतं तेच खाली छातीत उतरलंय. डॉक्टरांनी जुना आणि नवा, दोन्ही फोटो काचेवर लावून दाखवले. माघातल्या फोटोतसुद्धा बारीक ठिपके होते. तेव्हा ते कशाचे हे सांगता येत नव्हतं, आता वाढल्यावर कळलं. म्हणजे बुलबुलांनी पहिली काडी आणली, त्याच्याही आधीपासून ते माझ्या आत होते. मी हे सगळं नीट ऐकलं. आई शेजारीच होती, मांडीवर पिशवी घट्ट धरून. रोग छातीत उतरला एवढंच तिच्या कानात राहिलं, पुढचं एक अक्षर तिने ऐकलं नाही. डॉक्टरांनी किती दिवस ते सांगितलं नाही. पण इतके महिने प्रत्येक वेळी चिठ्ठीवर पुढची तारीख लिहून द्यायचे, ती या वेळी लिहिली नाही.

परतताना गाडीने यवतमाळ मागे टाकलं आणि ती खिडकीबाहेर पाहत म्हणाली, "मी कोणाचे तरी लेकरं मारले. त्याचंच भोगून राह्यलो आपण." मी जोरजोरात मान हलवून नाही म्हणालो. तिने माझ्याकडे पाहिलंच नाही. घरी येऊन मी पाटीवर लिहिलं, फोटो जुना आहे, ठिपके आधीचे आहेत. तिने वाचलं आणि म्हणाली, "माह्या जिवाला बरं वाटावं म्हणून लिहिता तुमी." दुसऱ्या दिवशी मी लिहिलं, हे माझ्या तंबाखूच्या खर्र्याचं आहे, तू रोज माझ्या खिशातून पुडी काढून फेकायचीस आणि मी रोज नवीन घ्यायचो. तिने पाटी पुसली. खर्रा तर सगळेच खातात म्हणाली, सगळ्यांचं कुठं असं झालं?

ती आता एकच वेळ जेवते. कूलर चालू असतो, पण त्याच्या वाऱ्यात ती बसत नाही. स्वयंपाकघराच्या फरशीवर, जिथे हवा नाही, तिथे निजते. अंगणभर तिने पाण्याच्या वाट्या ठेवल्यात, गच्चीवर तांदूळ, ज्वारी टाकते. बारीक मुंग्या येतात, खारी येतात. पाखरं येतही असतील, पण ती मोजत बसते आणि म्हणते, पहिल्यासारखे नाही येत. पोर्चच्या बटणावरचा कागद तिने अजून काढलेला नाही. शेजारच्या इंदुताई येऊन तिला समजावून गेल्या. मोतीबाई तर रडली, म्हणाली, "बाई, मी आपलं बोलून गेली, माह्यं काय मनावर घेता?" आई तिला चहा देते, पाठीवरून हात फिरवते आणि पुन्हा मागे सीताफळाजवळ जाऊन उभी राहते. तुझा फोन आला की पदराने तोंड पुसते, घसा साफ करते आणि मोठ्याने हसून बोलते. मी ऐकत असतो. तिचं हसणं इतकं खरं वाटतं की तुला संशय यायचं कारणच नाही.

केतू, तू काम टाकून माझ्यासाठी धावत यावंस म्हणून हे लिहिलेलं नाही. माझं जे व्हायचं ते ठरलंय, आणि रडून झालंय. मी हे तिच्यासाठी लिहितोय. मी गेल्यावर ती या घरात एकटी राहील आणि रोज सकाळी उठून स्वतःला सांगेल की नवऱ्याला मीच मारलं. ते मला सहन होत नाही, आणि ते थांबवायला माझ्याजवळ आवाज नाही. पाटीवरचं ती पुसून टाकते. तू ये. दोन्ही फोटो कपाटात वरच्या खणात आहेत, ते तिच्यासमोर उजेडात धर आणि तुझ्या तोंडाने तिला सांग. चिडून सांग, भांडून सांग, बारावीला ओरडलीस तशी ओरड. पण लवकर ये. मी गेल्यावर सांगशील तर तिला ती नुसती समजूत वाटेल. आत्ता सांगितलंस, तर मी तिच्या शेजारी बसेन, तिचा हात धरेन, आणि तुझ्या प्रत्येक वाक्याला मान हलवेन. मान मला अजून हलवता येते.

तुझी वाट पाहणारा,
तुझाच
बाबा