मंगलचा चेहरा

२ सप्टेंबर

चित्रकलेचा तास आज पुन्हा गणिताने गिळला! हेडमास्तर म्हणतात, "दहावीला तुमचं काय एवढं?" खरंच, काय एवढं. फळ्यावर रेषा, आकार, रंग, पोत, अवकाश एवढं लिहिलं आणि खडू ठेवून निघून आलो.

संध्याकाळी दहावीतल्या स्वप्नालीचे वडील घरी आले. अजिनाथ. दर हंगामाला ऊसतोडीला जाणारा माणूस. आत या म्हटलं तरी दारातच उभा. बायको मंगल दीड वर्षापूर्वी तिकडेच, उसाच्या फडात तापाने गेली. तिचा धड फोटो नाही. लग्नातल्या फोटोत तोंडावर मुंडावळ्या. मोबाइलमधले फोटो मोबाइलबरोबर पाण्यात गेले. राहिलं आधार कार्ड! स्टुडिओवाल्याने तेच मोठं करून दिलं – चेहरा कमी, डाग जास्त.

"सर, गेल्या अहेव नवमीला पाटावर नुसती सुपारी ठिवली. यंदा तिचं तोंड दिसू द्या. हातानं काढा."

सवाष्ण गेलेल्या बाईची नवमी. पंधरा तारखेला आहे. नाही म्हणायला जीभ रेटली नाही.

५ सप्टेंबर

शिक्षक दिन. पोरांनी गुलाब दिला, हेडमास्तरांनी भाषण.

नंतर अजिनाथच्या घरी गेलो. मंगल दिसायला कशी होती? "डोळे मोठे व्हते. नाक सरळ." सरळ! ज्याला विचारावं त्याच्या माणसाचं नाक सरळ! त्याची आई सुंदरबाई म्हणाल्या, "हसताना खालचा व्हट दाबायची." एवढंच काय ते कामाचं.

स्वप्नाली दाराशी उभी होती. म्हणाली, "मला आईचा आवाज आठवतो, सर. तोंड न्हाई आठवत नीट." आणि आत गेली.

८ सप्टेंबर

सहा कागद फाडले. डोळे डोक्याच्या बरोबर मध्यावर, दोन डोळ्यांत एका डोळ्याचं अंतर – पोरांना दर वर्षी घोकून घेतो. सगळं प्रमाणात आहे. बाई मात्र कुणाचीच नाही.

११ सप्टेंबर

आज तास मिळाला. विषय – तोल. टेबलावर एक तांब्या आणि दोन कांदे मांडले. एका बाजूला मोठी वस्तू असेल तर दुसऱ्या बाजूला काय करायचं? शेवटी स्वप्नाली म्हणाली, "बारकी वस्तू जरा लांब ठिवायची, सर. मग ती बी भारी वाटती." बरोबर! हे मी शिकवलंच नव्हतं.

मग ती मान खाली घालून काढत बसली. खिडकीचा उजेड एका गालावर, दुसरा गाल सावलीत. मी पाहतच राहिलो. कपाळ, गालाचं हाड, हनुवटी – आईचा चेहरा कुठे उरला असेल तर तो इथेच, समोर! हजेरीपटाच्या आड कागद धरला आणि काढत गेलो.

घरी येऊन त्यात पंधरा वर्षं घातली. तोंडाजवळ एक रेष, डोक्यावर पदर, कुंकू. खालचा ओठ जरा दाबलेला. हात असा बऱ्याच वर्षांत चालला नव्हता!

सत्यशीला चहा घेऊन आली. चित्र पाहून म्हणाली, "अहो, ही तर –" मी चित्र पालथं घातलं.

पोरीला विचारलं नाही. कुणालाच सांगितलं नाही.

१५ सप्टेंबर

नवमी. अजिनाथने चित्र पाटावर ठेवलं आणि त्याच्यासमोर बसून रडायला लागला. "मंगलच हाय, सर! मंगलच!" शेजारच्या बायका आल्या. सगळ्यांचं एकच – मंगल बोलंल की काय आता. कुंकू लावलं, झेंडूचा हार घातला.

सुंदरबाईंनी चष्मा लावला, बराच वेळ पाहिलं आणि चष्मा काढून चुलीकडे गेल्या.

पंगतीत वाढायला स्वप्नाली. ती मान खाली घालून पुरणपोळी वाढत आली आणि तिच्या मागेच ते चित्र. तोच गाल. तीच हनुवटी. वर झेंडूचा हार!

तेवीस वर्षांच्या नोकरीत माझ्या चित्रापुढे कुणी रडलं नव्हतं. खोटं कशाला लिहू, बरंही वाटलं.

२६ सप्टेंबर

स्वप्नाली तीन दिवस शाळेत नाही.

२९ सप्टेंबर

आली. मधल्या सुट्टीत माझ्या टेबलाशी येऊन उभी राहिली.

"सर, माझा दहावीचा फॉर्म भरू नका."

का, असं विचारलं तर म्हणाली, पप्पांसंगं तोडीला जायचंय. तोडीला नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. गेल्या हंगामात अजिनाथ एकटा म्हणून अर्ध्या कोयत्यावर गेला. यंदा मुकादम म्हणतो, जोडी असेल तरच नाव लिहितो.

"पप्पा म्हणले, आईच्या फोटोकडं बघितलं अन् ध्यानात आलं. तू बी आईएवढी झालीस."

ती वर्गात गेली. मी तिथेच बसून राहिलो.

३० सप्टेंबर

अजिनाथकडे गेलो. तास दीड तास डोकं फोडलं. पोरगी हुशार आहे, वय पंधरा, चार महिन्यांवर परीक्षा. तो सगळ्याला मान डोलावत होता.

"सर, तुमचं सगळं पटतंय. पर अर्धा कोयता कोन घेतंय? आईच्या जागी लेक उभी ऱ्हाती, त्यात काय वाईट?"

हे बोलताना तो चित्राखाली बसला होता. चित्र आता भिंतीवर टांगलंय.

घरी सत्यशीलाला सगळं सांगितलं. तिने भाजी निवडता निवडता ऐकलं. म्हणाली, "त्या माणसाला इतके दिवस ती लेकरू दिसत होती. तुम्ही तिला बाई करून भिंतीवर टांगलंत."

५ ऑक्टोबर

एक रस्ता आहे. खरं सांगून टाकायचं.

जित्या पोरीच्या चित्राला हार पडलाय हे कळलं, तर अजिनाथ तिला गावाबाहेर पाऊल टाकू देणार नाही. त्याचं मन झालं तरी तोडीला जाणारे बाकीचे लोक तिला ट्रकमध्ये चढू देणार नाहीत. आणि लिंबू-मिरची म्हणजे थोतांड, असं दर वर्षी वर्गात ठणकावून सांगणारा मी! आता त्याच भीतीचा आधार घेऊ?

शिवाय त्या माणसाला कशीबशी बायको परत मिळालीय. ती मीच दिली, मीच काढून घेऊ?

तोल शिकवतो म्हणे पोरांना!

७ ऑक्टोबर

त्यांच्या गल्लीपर्यंत जाऊन परत आलो. भित्रा!

९ ऑक्टोबर

सांगितलं.

अजिनाथ ओट्यावर कोयत्याला धार लावत होता. मी उभ्या उभ्याच बोललो. हा चेहरा मंगलचा नाही, स्वप्नालीचा आहे. वर्गात चोरून काढला. वय मी घातलं, कुंकूही मीच.

त्याला आधी समजलंच नाही. मग आत गेला. पोरीला हाक मारून चित्राशेजारी उभं केलं. एकदा तिच्याकडे, एकदा चित्राकडे. आणि ओरडला, "जित्या लेकराला हार घातला मी! जित्या लेकराला!" हार ओरबाडून काढला. दोन्ही हात तिच्यावरून उतरवून कानशिलावर बोटं मोडली. ती रडत होती. तोही.

"कावून केलं सर असं? कावून?"

काय सांगणार! चित्र चांगलं उतरत होतं म्हणून – हे कसं सांगणार!

सुंदरबाई चुलीपासून उठल्या. "मला पयल्याच दिशी कळलं व्हतं. पर लेक लई दिसांनी पोटभर जेवला, म्हून गप ऱ्हायले." मग अजिनाथकडे वळून म्हणाल्या, "पोरीला न्यायचं न्हाई. यंदा तिनं शीव वलांडायची न्हाई. तिची चुलती हाय हितं संबाळायला."

घरी येताना पाय हलके वाटले. वाटायला नको होते.

१० ऑक्टोबर

फॉर्म भरला. अजिनाथने सही केली. माझ्याकडे बघितलं नाही.

१४ ऑक्टोबर

सकाळी ट्रक निघाला. सामानावर अजिनाथ बसला होता आणि त्याच्या शेजारी सुंदरबाई. वाटलं, लेकाला सामान लावून द्यायला चढल्या असतील. मुकादम खालून यादी वाचत होता – "अजिनाथ, सुंदरबाई. एक कोयता." म्हातारीचं वय सदुसष्ट आहे.

पाचव्या तासाला हजेरी घेतली. स्वप्नाली "हजर" म्हणाली. तासभर तिने मान वर केली नाही.