घरामागची टेकडी

१२ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

वहिनीचा गुडघा आता बरा असेल. इकडे आनंदाची बातमी. इतकी वर्षं मी हात धुऊन जिच्या मागे लागले होते, ती नखाएवढी वनस्पती जगात एकाच जागी उगवते हे सिद्ध झालं. कुणी उपटून ती कमी झालेली नाही, मुळातच तेवढी आहे. जागा राखीव करावी म्हणून अर्ज केलाय.

जागा मात्र तुला सांगणार नाही. तुझ्या तोंडात तीळ भिजत नाही, आणि बोभाटा झाला की हौशी लोक खुरपी घेऊन धावतील. कळेल तेव्हा उडशील!

लोभ असू दे. राग आलाच तर वहिनीपाशी ठेव.

तुझी,
धाकटी

२ जून

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

पेपरात तुझा फोटो आला. कात्रण खिशात घेऊन मी इतका मिरवलो की वहिनी म्हणाली, आता पुरे.

तू जागा लपवलीस, मीही एक गंमत लपवली. फिटंफाट! घरामागची टेकडी म्हणजे नुसता भकास कातळ. दर सुट्टीत तू तिथे उन्हात पालथी पडून काय बघतेस देव जाणे. म्हटलं, झाडांसाठी जन्म घालवणाऱ्या बहिणीला सावली नको? माझे दोन्ही ट्रक लावून माती टाकली. आता औषधालाही कातळ दिसत नाही. वर रोपं लावली. नगरपालिकेनं तुझ्या नावाची पाटी उभी केली.

लवकर ये. आम्ही दोघं वाट पाहतोय.

तुझा,
दादा

१४ जून

दादा,

ती जागा म्हणजे तीच टेकडी. कातळाच्या खळग्यांत ओंजळभर पाणी साठतं, त्यात ती यायची. तिला सावली चालत नाही, मातीही नाही. उघडा दगड हवा, बस्स.

परवा येऊन गेले. घरी आले नाही. तुझं तोंड बघवलं नसतं. चाकांनी खळगे चिरडलेत, उरलेले कमरेइतक्या मातीखाली गेलेत. काही उरलेलं नाही.

तुला शिव्या द्यायला बसले होते. पण तुला सांगायचं नाही हे मीच ठरवलं होतं ना! आज अर्ज मंजूर झाला. टेकडी राखीव झाली. माझ्या नावाची पाटी तेवढी काढून टाक.

धाकटी

३० ऑगस्ट

चि. धाकटीस,
आशीर्वाद.

तुझं पत्र वाचलं त्याच दिवशी माती उपसायला ट्रक घेऊन गेलो. पहारेकऱ्यानं अडवलं. म्हणाला, राखीव जागा आहे, इथलं ढेकूळसुद्धा हलवायचं नाही. पाटीलाही हात लावू देत नाही. रोपं कुजली. खाली दगड, पावसाचं पाणी जाणार कुठे?

लोक अजून भेटले की तुझं अभिनंदन करतात. मी मान डोलावतो. टेकडीवर काय होतं ते कुणाला सांगितलेलं नाही. तू दारावरून परत गेलीस, हे तुझ्या वहिनीलाही नाही.

माझ्या तोंडात तीळ भिजतो गं. एकदा विचारून बघायचं होतंस.

माया आटू देऊ नकोस.

तुझा,
दादा