पूजेत बसलेली बंदूक

दसरा, संध्याकाळ

खांदे भरून आलेत. परवा भुईमुगात डुकरं शिरली, तेव्हा ठासणीच्या बंदुकीचा बार काढून हुसकावली. तेव्हाच नळी गरम पाण्यानं धुऊन तेल द्यायला हवं होतं. दमलो होतो, तसाच आडवा झालो. सकाळी उठलो तर तात्यांनी ती खंडेनवमीच्या पूजेत मांडलेली.

"पूजा उठल्याबिगर हात लावायचा न्हाई."

वडिलांपुढं काय बोलणार? बारानंतर नळीत राहिलेली जळकी दारू ओल धरते, लोखंड खाते, हे मला शिकवलं कुणी? त्यांनीच ना?

आज पूजा उठल्यापासून गजाला चिंधी गुंडाळून नळी आतून घासतोय. चिंधी तांबडीच येते. पाणी बदललं, चिंधी बदलली, तरी तांबडीच.

तात्यांना हल्ली दिसत नाही. ओसरीवरून विचारलं, "चिंधी पांढरी आली का रे?"

"आली," म्हणालो. कशाला खोटं बोललो? सणाचा दिवस म्हणून असेल.

त्यांनी हात पुढं केला. चिंधी घेऊन नाकाला लावली. गंजाचा वास कुठं लपतो? मग शेजारची काठी चाचपत म्हणाले, "फुडल्या साली पूजेत बंदुकीच्या जागी ही ठेव."