कांद्याचं पुढे काय करायचं

१२ जानेवारी

श्रीमती बाईंना,
सा. न. वि. वि.

पाकिटावरचं अक्षर ओळखून तुम्ही हे पत्र न उघडता बाजूला ठेवलंत, तरी माझी तक्रार नाही. तुमच्या मुलाच्या आणि माझ्या घटस्फोटाच्या कागदांवर सह्या झाल्या, त्याला वर्ष होऊन गेलं. एवढ्या दिवसांत मी लिहिलं नाही, तुम्हीही नाही. कोणी कुणाला कुठल्या नात्यानं लिहायचं, हेच कळत नव्हतं. आजही कळलेलं नाही, पण काम निघालं आहे.

मी अजून त्याच चष्म्याच्या दुकानात आहे. दिवसभर मागच्या खोलीत चाकावर भिंगं घासते आणि दुपारी शेजारच्या बेकरीतून काहीतरी आणून स्टुलावर बसून खाते. घरी गेल्यावर एकटीसाठी चूल पेटवायचा कंटाळा येतो. परवा डॉक्टरांनी रक्त तपासलं. लोह फार कमी आहे म्हणाले. गोळ्या दिल्या आणि घरचं जेवा असं बजावलं. घरचं म्हटल्यावर मला तुमचं मसूर डाळीचं सूप आठवलं. सहा वर्षं ते प्यायले, पण करताना तुम्ही मला कधी पळीला हात लावू दिला नाहीत. कृती कळवाल का? फोनवर तुम्हाला नीट ऐकू येत नाही, म्हणून लिहिते आहे.

कळवलंत तर आनंद होईल. नाही कळवलंत तरी समजून घेईन.

आपली,
पूर्वीची सून


१९ जानेवारी

चि. घाईबाईस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पाकीट उघडून 'श्रीमती' वाचलं आणि वाटलं, घरपट्टीची नोटीस आली. सहा वर्षं मला तोंडावर मुकादम म्हणायचीस, आणि आता एकदम सा. न. वि. वि.? सह्या तुमच्या दोघांच्या होत्या. माझी सही कुणी मागितली नव्हती. एक अट मात्र घालते. त्याच्याबद्दल तू विचारायचं नाही आणि मी सांगायचं नाही. ह्या पत्रांत फक्त स्वयंपाकघर.

आता सूप ऐक. अर्धी वाटी मसूर डाळ स्वच्छ धू. त्यात दोन गाजरं, एक टोमॅटो आणि चार लसूण पाकळ्या चिरून घाल. कांदा मात्र सोलून अख्खाच सोड. तीन वाट्या पाणी घालून मंद आचेवर ठेव. वर फेस येईल तो चमच्यानं काढत जा, म्हणजे पोटात गुबारा धरत नाही. डाळ मऊ झाली की कांदा अलगद बाहेर काढून बशीत ठेव. मग बाकीचं घोट आणि मीठ, मिरपूड घाल. लिंबू वाडग्यात घेतल्यावरच पिळ. त्यानं डाळीतलं लोह अंगी लागतं. तेलाचा थेंबसुद्धा नको.

खाली लागलंच, आणि तू करणार म्हणजे लागणारच, तर खरवडायला जाऊ नकोस. वरचं वर दुसऱ्या भांड्यात ओत. करपलेल्या भांड्यात पाणी आणि सोडा घालून उकळ, बूड आपोआप सुटतं.

माझं म्हणशील तर रक्तदाब वाढला आहे. डॉक्टरांनी मीठ जवळजवळ तोडलं. ताटात अळणी जेवण आणि समोर भिंत. गिळवत नाही, पण चालायचंच.

लोभ होता तसाच आहे. उत्तर धाड.

तुझी,
मुकादम


३० जानेवारी

ती. आईंना,
शि. सा. न. वि. वि.

सूप जमलं. खाली लागलं, पण थोडंच. दुसऱ्या दिवशी दुकानात नेलं, तर मालक वास घेत मागच्या खोलीपर्यंत आले आणि डब्यात डोकावून परत गेले.

फक्त एक राहिलं. तो बशीतला कांदा अजून बशीतच आहे. त्याचं पुढे काय करायचं, ते तुम्ही लिहिलंच नाहीत.

अळणी जेवणावर माझा एक उपाय करून पाहा. भांड्यात मीठ घालूच नका. डॉक्टरांनी जेवढं चालेल म्हटलं असेल, तेवढंच ताटात वरून भुरभुरवा. जिभेला आधी मीठच लागतं, म्हणून थोडक्यात भागतं.

आज रविवार, दुकान बंद. ह्या दिवशी माझं कुणाशी बोलणं होत नाही. म्हणून पत्र आज लिहिलं, तेवढंच बोलल्यासारखं वाटलं.

आशीर्वाद असू द्यावा.

तुमची,
घाईबाई


७ फेब्रुवारी

चि. घाईबाईस,
अनेक आशीर्वाद.

अगं, कांदा बशीत काय ठेवतेस! चमच्यानं रगडून परत सुपात घालायचा. त्यानं दाटपणा येतो, गोडी येते आणि लोण्याची आठवण होत नाही. लिहायचं राहून गेलं. वय झालं आता.

तुझी मिठाची युक्ती लागू पडली. कितीतरी दिवसांनी ताटात काही उरलं नाही. म्हणजे शिकवलेलं फुकट गेलं नाही म्हणायचं.

आता लोहासाठी पालक-चणे कर. दोन मुठी काबुली चणे धुऊन कुकरला लाव. कांदा तेलाऐवजी दोन चमचे पाण्यावर परत, पाणी आटलं की पुन्हा दोन चमचे घाल. पालकाचे कोवळे देठ फेकू नकोस. ते बारीक चिरून आधी टाक, पानं शेवटी. त्यात चणे आणि लसूण घालून एक वाफ आण. उरलेला पालक धुऊन ठेवू नकोस, कोरड्या फडक्यात गुंडाळ, म्हणजे सडत नाही.

पोस्टमन दुपारी येतो. त्या वेळी मी जिन्याकडची खिडकी उघडी ठेवते. तो वर न येता पुढे गेला की मग काही शिजवावंसं वाटत नाही, पावावर भागवते.

लवकर लिही, लहानसं लिहिलंस तरी चालेल.

तुझी,
मुकादम


१६ फेब्रुवारी

ती. आईंना,
शि. सा. न. वि. वि.

चणे खडीसारखे राहिले. पुन्हा शिट्ट्या केल्या, तरी ढिम्म. शेवटी तसेच चावून खाल्ले. दाढ ठणकते आहे.

आता मुद्द्याचं. तुमच्याकडे चणे भिजत घालायचं काम माझंच होतं. एकदा विसरले, तर तुम्ही आठवडाभर येता-जाता टोमणे मारलेत. त्याच तुम्ही भिजवायचं लिहायला विसरलात? आधी कांदा, आता चणे. वय झालं हे दुसऱ्या कुणाला सांगा. मी पुन्हा विचारावं, म्हणून तुम्ही दर वेळी मुद्दाम एक गोष्ट गाळता.

मी रागावलेले नाही. खरं सांगायचं तर चणे कोरडेच आहेत, हे झाकण लावताना मला ठाऊक होतं. तरी लावलं. मलाही तुम्हाला विचारायला काहीतरी हवं होतं.

तेव्हा खुशाल गाळत जा. फक्त तब्येतीचं काही गाळू नका, आणि पोस्टमन आला नाही तरी शिजवून जेवा. पत्र मी लिहितेच आहे.

लोभात अंतर पडू देऊ नये.

तुमची,
घाईबाई


३ मार्च

चि. घाईबाईस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

चोरी पकडलीस. तुझं पत्र वाचून खूप हसले. उत्तराला उशीर झाला, कारण मीच घातलेली अट मोडावी लागणार होती.

तो तेरा तारखेला, रविवारी येतो आहे. घर विकायचं ठरलं आणि मला त्यांच्याकडे नेणार आहेत. त्याच्या बायकोला दिवस गेले आहेत. हे तुला कसं लिहावं ते सुचेना. कागद फाडत राहिले. पण दुसऱ्या कुणाकडून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळलेलं बरं.

मुलगी चांगली आहे. फोनवर मला ऐकू येईना, तर न कंटाळता पुन्हा पुन्हा सांगून तिनं मला बोलावलं. तिच्या दारात तुझी पत्रं आली तर ती तोंडानं काही म्हणणार नाही, पण मनाला लावून घेईल. ह्या दिवसांत मला ते नको. तिचा काही दोष नाही. तुझाही नव्हता. म्हणून पत्रं इथेच थांबवू. मला हे मुळीच आवडलेलं नाही, पण करायला हवं.

सोबत जाड पाकीट आहे. भोपळ्याचं सूप, कोबी-अंडं, भाज्या घालून भात, विरजण, डब्यात न्यायच्या कोशिंबिरी, सगळं लिहिलं आहे. मापं एकीपुरती आहेत. माझा हात सगळ्यांपुरतं घालायला सरावलेला, म्हणून एकेक करून पाहिलं आणि मगच लिहिलं. भिजवायचं किती, शिजवायचं किती, उरलेल्याचं काय करायचं, तेही आहे. ह्या खेपेला काही गाळलेलं नाही. तुला पुन्हा विचारावं लागणार नाही.

गोळ्या चुकवू नकोस. रक्त पुन्हा तपासून घे. लोह वाढलं की नाही ते मला कळणार नाही, एवढीच रुखरुख राहील.

सुखी राहा. ह्यापेक्षा मोठा आशीर्वाद मला येत नाही.

तुझी,
आई


६ मार्च

प्रिय भगिनीस,
स. न. वि. वि.

मी तुमच्या सासूबाईंची पूर्वीची सून. हे पत्र त्यांच्या पाकिटात घालून पाठवते आहे. तुम्हाला द्यायचं की फाडून टाकायचं, ते त्यांनी ठरवावं. तुमच्या हाती आलंच, तर मनात किंतू आणू नका. मी पुन्हा लिहिणार नाही आणि त्याही लिहिणार नाहीत. त्यांनी हे तुमच्यासाठी ठरवलं आणि बरोबरच ठरवलं. मला रडू आलं, तो भाग वेगळा.

कामाचं तेवढं सांगते. त्यांचं मीठ भांड्यात घालू नका, ताटात वरून द्या. बरणी वरच्या फळीवर ठेवा. उजवा खांदा दुखतो, त्यामुळे हात पोचत नाही. चिडतील, तेव्हा लिंबू पुढे करा. बोलताना डाव्या कानाशी बोला. पहिल्या आठवड्यातच त्या तुमच्या डब्यांच्या जागा बदलतील. बदलू द्या. परक्या घरात त्या डब्यांना हात लावत नाहीत. तुम्हाला काही खावंसं वाटलं की मोकळेपणानं मागा. मागितलेलं त्यांना आवडतं.

आणि तुम्ही जेवून घ्या, मी मागाहून बसते, असं म्हणाल्या तर ऐकू नका. एकट्या बसल्या की दोन घास खाऊन उठतात आणि पोटभर झालं म्हणून सांगतात. त्यांचं ताट वाढलंत की समोर बसा. बोलायला काही नसलं तरी चालेल.

त्यांनी कधी माझा विषय काढला, तर मी वेळेवर जेवते आणि माझं लोह वाढलं आहे, असं सांगा. तुम्हाला ते कळायला काहीच मार्ग नसेल, तरीही सांगा.

लोभ माझ्यावर नको, त्यांच्यावर असावा, ही विनंती.

आपली,
चष्म्याच्या दुकानातली