कॅमेऱ्याला ऊन दाखवलं

६ जुलै, रविवार
अरविंदला स्ट्रोक येऊन चार महिने झाले. उजवा हात अजून लुळाच. बोलणं येतंय, एकेक शब्द, मध्ये लांब थांबे. दर रविवारी कॅमेऱ्यांचा हवाबंद डबा तो उघडायचा, आता मी. आतले सिलिका जेलचे निळे मणी दमट हवेने गुलाबी होतात. कढईत भाजले की परत निळे. रवा भाजते तसे भाजते. अ. खुर्चीतून लक्ष ठेवतो. "मंद," म्हणाला. म्हणजे गॅस.
लग्नाआधीच्या त्याच्या कॅमेऱ्यात रोल आहे. बारा फोटो उरलेत. "माझ्या हाताने," म्हणतो. तेवढ्यासाठी व्यायाम करतो, नाहीतर फिजिओवाल्या अपर्णाला कधीच हाकललं असतं.

२४ जुलै, गुरुवार
अ.ला ताप होता, मणी भाजायचे दोन रविवार राहून गेले. खाडीवरून नुसता ओला वारा. टॉवेल वाळत नाहीत, कपाटातल्या चपला पांढऱ्या. आज डबा उघडला, सगळे मणी गुलाबी. आणि जुन्या कॅमेऱ्याच्या भिंगात कोळिष्टकासारखे धागे. बुरा. लोणच्यावर येतो तसा.
त्याला बोलले नाही.

२६ जुलै, शनिवार
ऊन! आई म्हणायची, बुरा आला की ऊन दाखवावं. गहू, पापड, शालू, सगळ्याला एकच औषध. अ. झोपला होता. कॅमेऱ्याच्या भिंगावरची टोपी काढून तो गॅलरीच्या कट्ट्यावर ठेवला, तोंड नीट सूर्याकडे. दोन तास. उचलला तेव्हा छान ऊबदार लागला. किती दिवसांनी काहीतरी धड केल्यासारखं वाटलं.

२९ जुलै, मंगळवार
धागे तसेच. म्हणून वाशीला सुर्वेंकडे गेले. अ.चे कॅमेरे पहिल्यापासून तेच दुरुस्त करतात. भिंग काढून त्यांनी आत टॉर्च मारला.
"वहिनी, उन्हात ठेवलेलात?"
"बुरा आला होता. ऊन दाखवलं."
"कॅमेरा तो! पापड आहेत काय?" हसले. माझ्याकडे बघितलं आणि थांबले. "लहानपणी भिंगाने कागद जाळायचो ना? तेच झालंय. आत कापडाचा पडदा असतो, त्याला भोक पडलं."
मोहरीएवढं. मला दाखवलं.
काढलेले फोटो सुखरूप. पुढच्या प्रत्येकात उजवीकडे पांढरा डाग येणार. भोक बुजवता येईल, पण त्यासाठी रोल आधी बाहेर काढावा लागेल.
"काढू?"
मी नको म्हटलं. भिंग पुसून दिलं त्यांनी. "टोपी लावूनच ठेवा. आणि साहेबांना म्हणावं, लवकर या, इथे भांडायला कोणी नाही."
घरी विचारलं अ.ने, "कुठे गेलीस?" भाजी आणायला, म्हटलं. पिशवी रिकामी होती.

५ ऑगस्ट, मंगळवार
जाताना अपर्णा दाराशी थांबली. हळू आवाजात, "काकू, बोटांत आता फारसं काही येईल असं मला वाटत नाही. काकांना उगाच आशा लावू नका." केवढीशी पोर, तिलाच रडू येत होतं. मीच तिच्या पाठीवर हात ठेवला.
आत आले तर अ. म्हणतो, "बघ." करंगळीकडे.
"हलली," मी म्हणाले.
नव्हती हलली.
शाळेत, कॉन्व्हेंटमध्ये, कॅथलिक मुली कन्फेशनला, फादरना आपलं पाप सांगायला, रांगेत उभ्या राहायच्या, आम्ही बाकीच्या मुली वर्गात भरतकाम करत बसायचो. परतताना त्यांचे चेहरे कसे धुतल्यासारखे असत. हेवा वाटायचा. काय मोठं पाप असणार, बारा वर्षांच्या मुलींचं.

१० ऑगस्ट, रविवार
सांगितलं. मणी भाजता भाजता, त्याच्याकडे पाठ करून. ऊन, भोक, सुर्वे आणि त्यांचे पापड, रिकामी पिशवी. अपर्णाचं नाही सांगितलं. ते मला जमणार नाही.
मणी करपायला लागले. गॅस बंद केला. तरी वळवेना.
"कॅमेरा."
त्याच्या मांडीवर ठेवला. डावा हात नुसता फिरवत राहिला त्याच्यावर.
"पापड," म्हणाला. मग मोठ्या कष्टाने, "डाग... कुठे?"
"उजवीकडे येईल म्हणाले."
"मग तू... डावीकडे बस."
स्टूल ओढून खिडकीच्या डाव्या बाजूला बसले. केस सारखे केले. टोपी काढायला उठले तर, "मी सांगेन... तेव्हा."
डाव्या हाताने कॅमेरा धरला. उजवा हात त्याच्याखाली यावा म्हणून खांदा, मान, सगळं अंग ओढत होता. कपाळावर घाम. मी मदतीला पुढे झाले.
"हलू नकोस."
बाहेर सर आली. दोरीवर त्याचे धुतलेले सदरे होते. भिजले. मी हलले नाही. कॅमेरा मांडीवरच होता, टोपीसकट, आणि तो मला खिडकीकडे अजून थोडं सरकायला सांगत होता.